ग्रेगुशची शेवटची रचना

ताडेआश ग्रेगुशच्या तोंडून निघालेलं शेवटचं धड वाक्य त्याच्या बायकोचा अपमान करणारं होतं. फेब्रुवारीतली सकाळ होती. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला रात्रभर बर्फ पडून ड्राइव्हवे बुजला होता आणि अहिल्याने घरूनच काम करायचं ठरवलं होतं. कॉफी होईपर्यंत हात मोकळे होते म्हणून ती पियानोशी बसली आणि गेले काही दिवस डोक्यात घोळणारी एक चाल वाजवून पाहू लागली. स्वयंपाकघरातून ताडेआशचा आवाज आला, "थांबव ते. असलं संगीत कुठे लावतात माहीत आहे? डेंटिस्टकडे. माणसाला भूल चढेपर्यंत."

तिने पियानोचं झाकण लावलं आणि ती खाली बेसमेंटमध्ये कपड्यांचं मशीन लावायला गेली. वर काहीतरी आपटल्याचा आवाज तिला ऐकू आला. चिडला की वस्तू आपटायची त्याची सवयच होती. तिने लक्ष दिलं नाही. उलट कपडे मुद्दाम सावकाश, एकेक झटकून मशीनमध्ये टाकले. वर आली तेव्हा तो फ्रिजला पाठ लावून जमिनीवर बसलेला होता. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती, आणि हेही तिनेच केलं असावं अशा नजरेने तो तिच्याकडे पाहत होता.

ताडेआश मूळचा स्लोव्हाकियातल्या बान्स्का श्टियाव्निका या डोंगरातल्या गावचा. बाप खाणीत कामाला, आजोबा चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. सत्तरच्या दशकात, चेकोस्लोव्हाकिया अजून एकच देश होता तेव्हा, त्याने ब्रातिस्लाव्हात 'किवाद्लो' नावाचा बँड काढला. किवाद्लो म्हणजे लंबक. ड्रम आणि गिटार रॉकचेच, पण रचना अर्ध्या अर्ध्या तासाच्या. त्यांत चर्चच्या ऑर्गनचे सूर आणि खेड्यातली लग्नाची गाणी मोडून, उलटी करून घातलेली. आर्ट रॉक म्हणायचे त्याला. रचना सगळ्या ताडेआशच्या, कीबोर्डही त्याचाच. दोन रेकॉर्ड निघाल्या आणि मग सरकारने कार्यक्रम बंद पाडले. चौऱ्याऐंशी साली तो युगोस्लाव्हियातून ऑस्ट्रियात निसटला आणि तिथून शिकागोला आला. इथे त्याने वीस वर्षं लोकांच्या लग्नांत आणि रेस्टॉरंटांत दुसऱ्यांची गाणी वाजवली. पुढे इंटरनेट आलं, त्या जुन्या रेकॉर्डी कुणाकुणाच्या हाती लागल्या, जपानमधून आणि ब्राझीलमधून त्याला पत्रं येऊ लागली. साठीच्या उंबरठ्यावर ताडेआश ग्रेगुश एकदम मोठा संगीतकार झाला. मधल्या वर्षांचा राग मात्र जसाच्या तसा राहिला, आणि तो काढायला घरात एक माणूस लागत होतं.

अहिल्या नागपूरहून आयटीच्या नोकरीवर आलेली. धरमपेठेत लहानपणी हार्मोनियम शिकली होती, हात चांगला होता. पस्तिशी ओलांडल्यावर पाश्चात्त्य संगीत नीट शिकावं म्हणून शिक्षक शोधला, तर हा भेटला. पहिल्याच दिवशी त्याने तिला एकच सूर दहा वेळा वाजवायला लावला आणि मग स्वतः एकदा वाजवला. तो एक सूर ऐकून तिला रडू आलं होतं. दोन वर्षांनी तिने त्याच्याशी लग्न केलं. "नाव ताडो आणि उंचीही ताडाएवढी," आई फोनवर म्हणाली होती, "पण वय बघ गं. तुझ्या बाबांपेक्षा थोडाच लहान आहे."

लग्नानंतर शिकवणी बंद झाली. तो पेन्सिलीने कागदावर लिहायचा आणि ती ते कॉम्प्युटरवर स्वच्छ उतरवून द्यायची. वेबसाइट, तिकिटं, त्याची ब्लड प्रेशरची औषधं, सगळं तीच बघायची. पाहुण्यांना तो तिची ओळख "माझी इंजिनिअर" अशी करून द्यायचा. एकदा जेवायला आलेल्या कुणीतरी विचारलं, अहिल्या स्वतः काही रचते का? ताडेआश उठला, पियानोशी बसला आणि तिची एक चाल त्याने सर्कशीतल्या विदूषकाच्या चालीवर वाजवून दाखवली. पाहुणे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हातात भज्यांची प्लेट घेऊन उभी असलेली अहिल्याही हसली होती.

तर आता हा माणूस मुका झाला. अगदी मुकाही नाही. हॉस्पिटलमधून घरी आला तेव्हा त्याच्याजवळ एक शब्द उरला होता. "न्ये." स्लोव्हाकमध्ये न्ये म्हणजे नाही. चहा हवा असला तरी न्ये, नको असला तरी न्ये, दुखतंय न्ये, लाईट घालव न्ये. ऐकलेलं सगळं त्याला समजायचं. लिहायला पेन दिलं तर डाव्या हाताने नुसत्या रेघोट्या उमटायच्या. उजवा हात आणि पाय गेलेले.

"त्या शब्दाचा अर्थ लावत बसू नका," स्पीच थेरपिस्टने अहिल्याला समजावलं. "त्यांना हो म्हणायचं असेल तरी तोंडातून तेच येणार. नाही म्हणजे नाही, असं धरून चालू नका."

अहिल्याने मान डोलावली. हे वाक्य तिने नीट लक्षात ठेवलं.

दुसरी थेरपिस्ट, हाताचे व्यायाम घेणारी, म्हणाली, "डावा हात चांगला आहे. त्यांना रोज पियानोशी बसवा." अहिल्या हो म्हणाली. पण व्हीलचेअर ती नेहमी खिडकीपाशी लावायची, पियानो दिसेल पण हात पोचणार नाही अशी, आणि ब्रेक लावायची.

एप्रिलमध्ये वीरचा फोन आला. वीर म्हणजे तिची मैत्रीण मोना, तिचा मुलगा. जन्म इथलाच. चेलो वाजवायचा आणि शिकागोत तरुण वादकांचा एक ग्रूप चालवायचा. ताडेआश त्याच्या ग्रूपसाठी ऑर्गन आणि तंतुवाद्यांची एक मोठी रचना लिहीत होता. तिचं स्लोव्हाक नाव लांबलचक होतं, अर्थ 'खाणीतला बोगदा'. घरात दोघं तिला 'टनेल' म्हणत. चार भाग व्हायचे होते. तीन झाले होते.

"मावशी, नो प्रेशर," वीर म्हणाला. "ऑक्टोबरचा कॉन्सर्ट आपण करूच. तीन मूव्हमेंट्स करू, आणि प्रोग्रॅममध्ये अनफिनिश्ड असं लिहू. पीपल विल अंडरस्टँड."

"अनफिनिश्ड कशाला?" अहिल्या म्हणाली. "चौथा भाग झालाय."

असं काही बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. पण बोलून झाल्यावर तिला वाईट वाटलं नाही.

"सिरियसली? मावशी, दॅट्स ह्यूज."

"टाईप करायचा राहिलाय. उन्हाळ्यात पाठवते."

चौथ्या भागासाठी ताडेआशने सुरुवातीच्या दोन ओळी तेवढ्या लिहिल्या होत्या आणि त्याही खोडल्या होत्या. अहिल्याने त्या बाजूला ठेवल्या आणि नव्याने सुरुवात केली. इतकी वर्षं त्याचं लिखाण उतरवून त्याच्या सगळ्या खोडी तिला पाठ होत्या. कानाला जिथे विसावा हवासा वाटतो तिथे तो कसा तो देत नाही, ऑर्गन एकटा सोडून तंतुवाद्यं कशी काढून घेतो, हे तिला त्याच्याइतकंच येत होतं. भागाचा पहिला अर्धा तिने हुबेहूब त्याच्यासारखा बांधला. आणि मग, अंधारातून माणूस वर उजेडात यावा तशी, त्यात तिने आपली चाल आणली. तीच, डेंटिस्टची.

ऑफिसचं काम आटोपलं की ती पियानोशी बसायची. ताडेआश खिडकीपाशी. पहिल्यांदा ती चाल आली तेव्हा त्याने झटक्यात मान वळवली.

"न्ये."

"काय झालं? पाणी हवंय?" अहिल्याने विचारलं.

"न्ये. न्ये."

"उजेड लागतोय डोळ्यांवर?" तिने उठून पडदा ओढला, पुन्हा बसली आणि तीच ओळ पुन्हा वाजवली. तो डाव्या मुठीने खुर्चीचा हात ठोकू लागला. ती ठोकाठोक तालात नव्हती. "ताडो, ताल चुकतोय तुझा," ती म्हणाली, इंग्रजीत, त्याला कळेल असं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याची चूक काढली होती. तिला इतकं हलकं वाटलं की त्या संध्याकाळी तिने त्याच्यासाठी त्याच्या आवडीचं बटाट्याचं सूप केलं, चमच्याचमच्याने भरवलं, तोंड पुसलं. सेवेत ती कधीच कमी पडली नाही. त्याला वेळेवर आंघोळ, वेळेवर गोळ्या, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणं. मोना यायची आणि म्हणायची, "तुझ्यासारखं कोणी करणार नाही गं." आणि ताडेआश मोनाकडे बघून म्हणायचा, "न्ये."

"बघ, किती कौतुक आहे त्यांना तुझं," मोना म्हणायची.

जुलैमध्ये चौथा भाग पुरा झाला. अहिल्याने तो नेहमीसारखाच स्वच्छ उतरवून, वर ताडेआश ग्रेगुश हे नाव घालून पाठवून दिला. मूळ कागद कुणी मागितलाच नाही. इतकी वर्षं सगळ्यांना तिच्या टाईप केलेल्या प्रतीच मिळत होत्या.

वीर दोन दिवसांनी घरी आला तो थेट ताडेआशच्या पायाशी बसला. "काका," तो इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही लिहिलेलं आजवरचं सगळ्यात सुंदर आहे हे." ताडेआशच्या डोळ्यांतून पाणी आलं. वीरच्याही आलं. अहिल्या चहा गाळत होती. थोडा चहा बशीत सांडला. आनंदाने, असं तिला वाटलं.

कॉन्सर्ट शिकागोतल्या एका जुन्या चर्चमध्ये झाला, कारण तिथला ऑर्गन चांगला होता. हॉल भरला. क्लीव्हलंडहून स्लोव्हाक मंडळी आली होती, दोघं जण जपानमधून आले होते. आणि किवाद्लोचा जुना गिटारवाला रुदो ब्रातिस्लाव्हाहून आला होता, पांढऱ्या शेपटीसारखी वेणी घातलेला म्हातारा. त्याच्या येण्याची अहिल्याला भीती वाटली होती. ताडेआशचं न्ये ज्याला खरं कळेल असा हा एकच माणूस. पण रुदोने मित्राला मिठी मारली, स्लोव्हाकमध्ये काहीतरी विचारलं, आणि "न्ये" ऐकल्यावर तो हसतच सुटला.

"पन्नास वर्षांत काही बदल नाही," तो अहिल्याला मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "मी काहीही सुचवलं की हा न्ये म्हणायचा. तालमीत दुसरा शब्द ऐकलाच नाही याच्या तोंडून."

ताडेआशची खुर्ची पहिल्या रांगेच्या कडेला होती, अहिल्या शेजारी. पहिले तीन भाग तो डोळे मिटून ऐकत होता. चौथा सुरू झाला तेव्हा त्याने डोळे उघडले. ऑर्गन एकटा राहिला, थांबला, आणि चेलोंनी ती चाल उचलली. हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं. घरच्या पियानोवर जे नुसतं ठीक वाटत होतं ते इथे छातीत शिरत होतं. आपण हे केलं, अहिल्याला वाटलं, हे आपण केलं. तेवढ्यात शेजारून आवाज आला. "न्ये. न्ये! न्ये!" ताडेआश खुर्चीतून उठू पाहत होता. डावा हात हवेत, मान ताणलेली, चेहरा लाल. मागच्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात धरला आणि ती रडू लागली. वादकांसमोर उभा राहून ताल देणाऱ्या वीरने वळून पाहिलं, तो हसला, आणि त्याने चेलोंना आणखी जोर लावायची खूण केली.

शेवटचा सूर विरला तसा सगळा हॉल उभा राहिला. वीर खाली उतरला आणि त्याने ताडेआशची खुर्ची ढकलत लोकांसमोर नेली. टाळ्या थांबेचनात. लोक फोटो काढत होते, आणि ताडेआश मान हलवत होता, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. विनय म्हणतात तो याला, असं कुणीतरी दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर लिहिलं.

अहिल्या जागेवरच उभी होती. रुदो तिच्या कानाशी वाकला. "मी याला चांगला ओळखतो," तो म्हणाला. "असलं याला आयुष्यात सुचलं नाही. अक्कल होती, हात होता, पण असं, माया असलेलं? कधीच नाही." याला कळलं, असं अहिल्याला वाटलं. रुदोने डोळे पुसले. "आजारपणाने माणूस झाला तो. तुझे उपकार."

वीरने खुर्ची परत आणून ठेवली होती. रुदोने तेच वाक्य ताडेआशला त्यांच्या भाषेत ऐकवलं आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला. ताडेआश या वेळी काहीच बोलला नाही.

त्या हिवाळ्यात रेकॉर्डिंग निघालं. जिथे तिथे चौथ्या भागाबद्दलच लिहून आलं. एकाने लिहिलं की हा भाग ऐकल्यावर ग्रेगुशचं आधीचं सगळं काम त्याची तयारी वाटतं. अहिल्या ते वाचायची, फोन उशीखाली ठेवायची, पुन्हा काढून वाचायची. ताडेआशला वाचून दाखवायची. सुरुवातीला त्यात मजा होती. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की वाचताना जीभ आपली अडखळते, त्याची मान ताठच असते.

जानेवारीत तिने स्वतःच्या तीन छोट्या रचना स्वतःच्या नावाने वीरला पाठवल्या. पुढच्या सीझनमध्ये एखादी घेता आली तर बघ, एवढंच लिहिलं. तो घरी आला. कोट न काढताच बसला.

"मावशी, खरं सांगू? दे आर लव्हली. रिअली."

"पण?"

"पण काकांची छाप फार आहे गं. स्पेशली तो चौथ्या मूव्हमेंटचा टर्न आहे ना, तो तिन्हींमध्ये येतो. लोक म्हणतील, डेरिव्हेटिव्ह आहे. मला तुला असं एक्सपोज करायचं नाही."

"वीर, तो चौथा भाग माझा आहे."

त्याने तिचा हात हातात घेतला. "आय नो. तू त्यांच्यासाठी जे केलंस ना, इट्स युअर्स टू."

"तसं नाही. मी लिहिलाय तो. सगळा. त्यांना झटका आल्यावर, या इथे बसून. त्यांनी एक सूरही दिलेला नाही."

खिडकीपाशी बसलेल्या ताडेआशकडे वीरने एकदा पाहिलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "मावशी, तू शेवटची सुट्टी कधी घेतलीस?"

"मी वेडी नाहीये."

"ऑफ कोर्स नॉट. पण मला आठवतंय, मावशी, एप्रिलमध्ये तूच म्हणालीस, चौथा झालाय. टाईप करायचा राहिलाय." तो उठला. जाताना त्याने ताडेआशच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मोना डबा घेऊन आली. डब्याबरोबर एका काउन्सेलरचा नंबर होता. ती मराठी बोलते, मोना म्हणाली, मोकळं बोलता येईल.

मोना गेल्यावर अहिल्या ताडेआशसमोर स्टूल ओढून बसली आणि सूप भरवू लागली. "ऐकलंस काल?" ती म्हणाली. "तुझी नक्कल करते म्हणे मी. माझ्याच चालीची."

ताडेआशचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं ठसका लागला. तिने घाईने वाटी खाली ठेवली. पण तो हसत होता. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. अर्ध्या तोंडाने, अर्ध्या तोंडातून सूप गळत, पोट धरता येत नाही म्हणून डावा हात मांडीवर आपटत तो हसत राहिला. पुसायला तिने नॅपकिन उचलला, आणि तसाच त्याच्या मांडीवर टाकून ती उठून गेली.

मार्चमध्ये तिने त्याला ऑरोरातल्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. माझी पाठ आता साथ देत नाही, असं सगळ्यांना सांगितलं, आणि सगळे म्हणाले, इतके दिवस केलंस हेच खूप. तिथली नर्स प्रीता केरळची होती, मायाळू. "अंकल म्युझिशियन आहेत ना? त्यांना काय ऐकायला आवडतं?"

"त्यांचंच रेकॉर्डिंग आहे," अहिल्या म्हणाली. "शेवटचा भाग लावत जा. दुपारी, जेवणानंतर."

"रोज?"

"रोज."

ती रविवारी जायची. चौथ्या की पाचव्या रविवारी प्रीता तिला दारातच भेटली, आनंदाने फुलून. "आंटी, लवकर चला. अंकल गातात."

ज्यांची वाचा जाते त्यांतल्या काहींना गाता येतं, हे थेरपिस्टने अहिल्याला पूर्वी सांगितलं होतं. हॉलमध्ये सात-आठ म्हातारी माणसं टेबलांभोवती बसली होती. स्पीकर बंद होता. ताडेआश मध्ये बसून गुणगुणत होता, शब्दांवाचून, घोगऱ्या पण सुरात पक्क्या आवाजात, तिची चाल. एक म्हातारी टेबलावर बोटांनी ठेका धरत होती. त्याने अहिल्याला आत येताना पाहिलं. थांबला नाही. उलट चाल पहिल्यापासून घेतली आणि तिच्याकडे बघत पुढे नेली, शेवटच्या वळणापर्यंत. तिथे तिने चाल खाली उतरवून घरी, मूळ सुरावर आणली होती. तो उतरला नाही. एक सूर जास्त थांबला, मग बाजूच्या सुरावर गेला, तिला कधी दिसलाच नव्हता अशा, आणि चाल तिथेच उघडी सोडून दिली.

ते बरोबर होतं. तिने लिहिलेलं चूक नव्हतं, पण हे बरोबर होतं, आणि आता ते ऐकल्यावर तिचं जे होतं ते खरंच कुठल्यातरी डेंटिस्टकडचं वाटत होतं. ताडेआशने पुन्हा ती ओळ घेतली, पुन्हा तेच वळण, सावकाश, नवख्या विद्यार्थ्याला दाखवावं तसं.

"त्यांचं स्वतःचं गाणं विसरले नाहीत ते," प्रीता म्हणाली. "फोनवर रेकॉर्ड करून देऊ तुम्हाला?"

"नको," अहिल्या म्हणाली.

"नंतर ऐकावंसं वाटेल, आंटी."

"नको म्हटलं ना. आणि ते रेकॉर्डिंगही आता पुरे. त्यांना त्रास होतो त्याने. उद्यापासून टीव्ही लावत जा. मोठ्याने लावला तरी चालेल, त्यांना कमी ऐकू येतं."

प्रीताने गोंधळून ताडेआशकडे पाहिलं आणि मान डोलावली. अहिल्याने त्याच्या गुडघ्यांवरची शाल नीट केली, खुर्चीचा ब्रेक तपासला आणि ती निघाली. तो मागे गुणगुणतच होता. पार्किंगमध्ये आल्यावर तिने गाडी सुरू केली, रेडिओ लावला, बातम्या लावल्या, आवाज वाढवला. घर येईपर्यंत ते वळण काही केल्या डोक्यातून गेलं नाही.